कागदावर नसलेल्यांची साक्ष

(किसान कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

जमिनीचा प्रश्न, शेतमालाचे भाव आणि कर्जमुक्ती या विषयांच्या पंक्तीत ‘ग्रामीण जनतेच्या मौखिक इतिहासाची नोंद’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हे काम विद्यापीठातील संशोधकांचे. कार्यकर्त्याला त्यासाठी सवड कुठली, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे असे की, वृद्ध कष्टकऱ्यांच्या तोंडची हकिगत त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करून जतन करणे हे जमिनीच्या लढ्याचेच एक अंग आहे, आणि ते आपण केले नाही तर दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही. हे म्हणणे मी काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे मांडणार आहे.

कागद कोणाचा?

खेड्यातील लेखी इतिहास कोणी लिहिला? तलाठ्याचे दप्तर, सावकाराची चोपडी, पोलीस ठाण्याची डायरी आणि जंगल खात्याचा नकाशा यांनी लिहिला. या सर्व कागदांत कष्टकरी माणूस हजर आहे. परंतु सावकाराच्या चोपडीत तो ऋणको आहे, पोलिसांच्या डायरीत दंगलखोर आहे आणि जंगल खात्याच्या दप्तरी अतिक्रमण करणारा आहे. त्याच्या आज्याने कोणता माळ फोडला, कोणत्या ओहोळावर बांध घातला, कोणत्या साली कोणाच्या धाकाने गाव सोडले, यांपैकी एकही गोष्ट तेथे सापडत नाही. ज्या कागदावर त्याने अंगठा उठवला तो कागद त्याला वाचता येत नव्हता. मालमत्तेप्रमाणेच लेखनाचे साधनही एका वर्गाच्या हाती होते. म्हणून लेखी पुरावा तेवढा खरा आणि सांगोवांगी ते खोटे, हा नियम वरून निःपक्षपाती दिसला तरी त्याचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो.

वारल्यांचा उठाव आणि त्याची नोंद

ठाणे जिल्ह्यातील तेव्हाच्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतील वारली आदिवासींचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. जमीनदाराकडे वेठबिगार हा तेथील रोजचा नियम होता. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण आणि त्याची नवरी, दोघेही सावकाराच्या दारी राबत राहत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ हे नावच पडले होते. ब्रिटिश सरकारला याचा पत्ता नव्हता असे नाही. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस या भागाची पाहणी करून गुलामीसदृश स्थितीचा अहवाल सरकारला दिला होता. अहवाल छापला गेला. वेठ मात्र चालूच राहिली.

ती मोडली ती वारल्यांनी स्वतः. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद झाली. त्या परिषदेला मूठभर वारली गेले होते. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असा निर्धार करून उठले. त्यानंतर गवत कापणीच्या मजुरीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही त्याची मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी हुतात्मे झाले. हा दिवस त्या भागात आजही पाळला जातो.

हा इतिहास महाराष्ट्राला घरोघर कळला तो कॉ. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे. १९७०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोदूताई पाड्यापाड्यांतून हिंडल्या, वारल्यांच्या झोपडीत राहिल्या आणि त्यांचे बोलणे ऐकून घेण्यास शिकल्या, म्हणून ते पुस्तक उभे राहिले. तरीही ते एका नेत्याचे कथन आहे, ही त्याची मर्यादा मान्य केलीच पाहिजे. झरीच्या सभेला पायी गेलेली बाई त्या दिवसाविषयी काय सांगत होती, जमीनदाराच्या वाड्यात राबलेल्या मुलीला वेठ संपली हे कोणत्या क्षणी खरे वाटले, गोळीबारानंतरच्या रात्री पाड्यात काय घडले, याची प्रत्येक गावाची वेगळी साक्ष होती. १९४५ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज हयात असलाच तर नव्वदी ओलांडून गेलेला आहे. त्या पिढीची साक्ष बहुतांशी तिच्याबरोबर गेली. मागे राहिले आहे ते मुलांनी आणि सुनांनी ऐकलेले.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. वारली समाज स्मृती जपण्याच्या बाबतीत कधीच निर्धन नव्हता. लग्नविधीतील गाणी धवलेरी मुखोद्गत ठेवते. भगत देवांच्या आणि कुळांच्या कथा सांगतो. आपण त्यांना इतिहास शिकवण्यास जात नाही. त्यांच्याजवळ जो आहे, तो उद्यापर्यंत पोहोचावा एवढीच व्यवस्था आपण करायची आहे.

साक्ष कायद्यालाही मान्य आहे

वनहक्क कायदा २००६चा. त्याखालील २००८च्या नियमांनी पुराव्यांची जी यादी दिली आहे, तीत दावेदाराव्यतिरिक्त अन्य वृद्ध व्यक्तींचे लेखी नोंदवलेले निवेदन हा पुरावा स्पष्टपणे समाविष्ट आहे. घरे, बांधबंदिस्ती, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने या खुणाही तेथे मान्य आहेत. परंतु ती विहीर कोणी आणि केव्हा खोदली हे शेवटी माणूसच सांगणार. ‘१३ डिसेंबर २००५पूर्वीपासून ताबा’ ही अट असो, की इतर पारंपरिक वननिवासींसाठी असलेली तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, कडक अट असो. कागद नसलेल्यांजवळ तेथे उभे राहण्यासाठी स्मृतीशिवाय फारसे काही नसते.

मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत आलेल्या हजारो शेतकऱ्यांमध्ये आदिवासींची संख्या फार मोठी होती, आणि कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी ही त्यांची प्रमुख मागणी होती. पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत देशभरातील लाखो कुटुंबांवर टांगती तलवार होती. ज्या गावात वृद्धांची निवेदने वेळेवर, नीट आणि तपशिलाने घेतली गेली त्या गावाचा दावा अधिक भक्कम, हे उघड आहे. गावातला शेवटचा जाणता वृद्ध गेला की एका पिढीच्या ताब्याचा साक्षीदार जातो.

तेलंगणाचा धडा

वारल्यांची ‘वेठ’ आणि तेलंगणाची ‘वेट्टी’ हे एकाच जुलमाचे दोन भाषांतील उच्चार आहेत. १९४६ ते १९५१ या काळात निजामाच्या आणि देशमुखांच्या सत्तेविरुद्ध तेलंगणाचे शेतकरी लढले. मराठवाडाही तेव्हा त्याच संस्थानात होता. या लढ्यावर नेत्यांनी ग्रंथ लिहिले. परंतु १९८०च्या दशकात हैदराबादच्या ‘स्त्री शक्ती संघटना’ या गटाने लढ्यातील स्त्रियांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा त्या ग्रंथांत नसलेले पुष्कळ काही उजेडात आले. १९८६मध्ये तेलुगूत आणि १९८९मध्ये इंग्रजीत हे संकलन प्रसिद्ध झाले.

त्यात अभिमान आहे, शौर्य आहे. जंगलात असताना पोटचे मूल दुसऱ्याच्या हवाली करावे लागलेल्या आईचे दुःखही आहे. आणि तक्रारीही आहेत. लढ्यात खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या स्त्रियांना लढा मागे घेतल्यावर घरी जाण्यास सांगितले गेले, त्यांच्या कामाची गणना ‘मदत’ या सदरात झाली, असे त्या बोलल्या. ही बोलणी चळवळीला कमीपणा आणणारी म्हणून वगळावी, असे कोणास वाटेल. मी म्हणेन, अशी साक्ष वगळणारी चळवळ जमीनदाराच्याच चोपडीची नक्कल करील. ज्या स्त्रीने एवढे दिले तिला आपल्याच माणसांना जाब विचारण्याचा अधिकार आहे, आणि तो जाब जपून ठेवण्यातच आपली ताकद आहे.

स्मृती चुकते, मग?

आक्षेप येतो की म्हातारी माणसे साले विसरतात, प्रसंगांची सरमिसळ करतात. खरे आहे. इटलीतील तेर्नी या पोलादनगरीत १७ मार्च १९४९ रोजी उत्तर अटलांटिक कराराच्या निषेधार्थ निघालेला लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे तेथील कामगारांना विचारले, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३च्या मोठ्या कामगार कपातीविरोधी आंदोलनात झाल्याचे सांगितले. तारीख चुकली. पण त्या चुकीतूनच कळले की कामगारांच्या मनात खरी जखम कोणती होती: नोकरी गेल्याची आणि तिचा प्रतिकार अपुरा पडल्याची. म्हणून तारीख कागदाशी ताडून पाहा, फरक पडला तर तोही लिहा. पण सांगणाऱ्याचे वाक्य दुरुस्त करू नका. दाव्यासाठी निवेदन घेताना मात्र काटेकोर राहा. ऐकलेले आणि प्रत्यक्ष पाहिलेले यांची गल्लत तेथे महाग पडते.

आपले काम

आता प्रत्यक्ष कामाविषयी. साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. साधा मोबाईल पुरतो. पुढील गोष्टी पाळाव्यात:

एक, माणूस ज्या बोलीत बोलतो त्याच बोलीत बोलू द्यावे. वारली, कोकणा, भिली किंवा गोंडी यांचे प्रमाण मराठीत जागच्या जागी रूपांतर करू नये. आधी बोलीचा शब्द, मग अर्थ.

दोन, उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नये. ‘जमीनदार जुलूम करीत होता ना?’ असे विचारले तर ‘हो’ मिळेल आणि इतिहास हुकेल. ‘सकाळी उठून कुठे जायचा? कोण हाक मारायचा? खायला काय मिळायचे?’ असे विचारावे.

तीन, स्त्रियांची मुलाखत स्वतंत्रपणे, शक्य तो स्त्री साथीनेच घ्यावी. अत्याचाराविषयी बोलण्याचा आग्रह कधीही धरू नये.

चार, नाव, गाव, पाडा आणि तारीख सुरुवातीलाच मुद्रित करावी. सांगणाऱ्याची संमती घ्यावी. ज्यामुळे कोणाला त्रास होईल ते नाव त्याच्या इच्छेनुसार झाकावे.

पाच, प्रत्येक मुद्रणाच्या किमान दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. फोन हरवतो, पाण्यात पडतो.

सहा, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, नोंद गावाला परत द्यावी. ग्रामसभेत ती ऐकवावी. एकाचे ऐकून दुसऱ्याला आठवते, तिसरा दुरुस्ती सुचवतो, आणि मुले पहिल्यांदाच आपल्या आजीला साक्षीदार म्हणून पाहतात.

साथींनो, उशीर किती झाला आहे, याचे एक उदाहरण देतो. स्वातंत्र्यलढ्यातील सामान्य सैनिकांच्या मुलाखतींवर आधारलेले पी. साईनाथ यांचे ‘द लास्ट हीरोज’ हे पुस्तक २०२२च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच, साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या हौसाबाई पाटील २०२१मध्ये, तर तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ आणि तेलंगणाच्या मल्लू स्वराज्यम २०२२मध्ये कालवश झाल्या होत्या. वेळेवर कोणीतरी त्यांच्यासमोर बसले, म्हणून त्यांचे शब्द राहिले.

आपल्या तालुक्यात, आपल्या गावात असे किती जण अजून बोलू शकतात? प्रत्येक शाखेने त्यांची यादी करावी, वयाने सर्वांत मोठ्या व्यक्तीपासून सुरुवात करावी आणि येत्या पावसाळ्याआधी निदान पाच मुलाखती पूर्ण कराव्यात. यासाठी ठराव लागत नाही. संध्याकाळी दोन तास, एक चटई आणि ऐकून घेण्याचा धीर एवढे पुरे.