जठराचा कर्करोग यकृतात पोहोचतो तेव्हा



व्हिएन्ना येथे २९ जानेवारी १८८१ रोजी डॉ. थिओडोर बिलरोथ यांनी तेरेसा हेलर या स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढून उरलेले जठर आतड्यास जोडले. जठराच्या कर्करोगावरील ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. जखम भरली, अन्न पचू लागले. परंतु सुमारे चार महिन्यांनी यकृतात पसरलेल्या कर्करोगाने तिचा अंत झाला.

जठरातील रक्त पोर्टल शिरेवाटे प्रथम यकृतात जाते, त्याबरोबर रोगाच्या पेशीही जातात. यकृतात एकच गाठ दिसली, तरी सूक्ष्म पेशी अन्यत्र असू शकतात. म्हणून या अवस्थेत सामान्यतः प्रथम केमोथेरपी दिली जाते. जपान, दक्षिण कोरिया व सिंगापूर येथील १७५ रुग्णांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. रोग पसरलेला असताना आधी जठर काढून मग केमोथेरपी दिल्याने, केवळ केमोथेरपीपेक्षा आयुष्य वाढले नाही.

याचा अर्थ शस्त्रक्रियेला स्थानच नाही, असा नव्हे. यकृतात एखाद-दुसरीच गाठ, अन्यत्र प्रसार नाही, औषधांना चांगला प्रतिसाद आणि प्रकृती सक्षम, अशा निवडक रुग्णांत जठर व यकृताचा रोगग्रस्त भाग काढण्याचा विचार होतो. रक्तस्राव थांबत नसेल वा अन्नमार्ग बंद झाला असेल, तर त्रास कमी करण्यासाठीही शस्त्रक्रिया करावी लागते.

चऱ्होलीतील एखाद्या कुटुंबावर हा प्रसंग आला, तर 'ऑपरेशन कधी?' असे विचारण्यापूर्वी 'ऑपरेशन कशासाठी?' असे विचारावे. रोग आणखी कोठे आहे? हेतू रोगमुक्तीचा की आराम देण्याचा? बायोप्सीची हर-टू तपासणी झाली काय? या उत्तरांआधी घर वा दुकान गहाण टाकू नये. मुंबईत परळ येथे १९४१ पासून कार्यरत असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी दुसरे मत घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. त्याची चौकशी आधी करावी. आणि रुग्णापासून सत्य लपवू नये. देह त्याचा आहे, निर्णयही त्याचाच असावा.

शाकाहारी व निर्व्यसनी माणसालाही हा रोग होऊ शकतो. भूक मंदावणे, थोडक्यात पोट भरणे, वजन घटणे, काळे शौच होणे, ही लक्षणे आम्लपित्ताच्या गोळ्यांनी झाकू नयेत. वेळीच केलेली दुर्बीण तपासणी रोग जठरातच असताना पकडू शकते, आणि शस्त्रक्रियेचे खरे यश त्याच वेळी असते.