समुद्रघोड्याची खरी ओळख



समुद्रघोडा हा मासा आहे. त्याच्या अंगावर खवले नसतात. हाडांची कडी असतात. तो परिसराप्रमाणे रंग बदलतो. म्हणून रंगावरून त्याची जात ठरवू गेल्यास हमखास फसगत होते. एकाच जातीला अनेक नावे पडली आणि एका नावाखाली अनेक जाती दडल्या.

संशोधिका सारा लौरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली व्हिएतनाममधील समुद्रघोड्यांबाबत दोन साक्षी एकत्र तपासल्या. पहिली शरीराची : धडाची आणि शेपटीची कडी किती, तोंडाची नळी किती लांब, डोक्यावरचा तुरा कसा. दुसरी डीएनएची. दोन्ही जुळल्या म्हणजे नाव पक्के.

डीएनए मुलूखही सांगतो. तीन ठिपक्यांच्या समुद्रघोड्याचे आग्नेय आशियात पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन वंश असल्याचे २००४ मध्ये दिसून आले. त्यांच्यामधली सीमा साधारणपणे वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने जमिनीवरच्या प्राण्यांसाठी आखलेल्या रेषेजवळूनच जाते.

याचा उपयोग काय, असे आपण विचाराल. चिनी औषधांसाठी सुकवलेले समुद्रघोडे विकले जातात. २००४ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. भारतात २००१ पासून ते पकडण्यास बंदी आहे. पण नावच चुकले, तर दुर्मिळ जात विपुल जातीच्या हिशेबात नकळत संपून जाईल.

विद्यार्थ्यांनो, मोजण्याचा कंटाळा करू नका. आणि पालकहो, मूल बाजारातून आणलेल्या माशाचे काटे मोजत बसले, तर त्याला रागावू नका.