पाणी फोडणारे धातू

(वसंत व्याख्यानमाला, वाडी, नागपूर)

पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी आलाच असेल. आला की पुढे ढकलू नका, पुसून टाका. पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरतं ते पाणी. त्यातून हायड्रोजन पुन्हा काढायचा, तर जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली तेवढी परत भरावीच लागते. किलोमागे हा हिशेब सुमारे ३९ युनिटांचा. यात कुणालाच सवलत नाही, उत्प्रेरकालाही नाही.

मग उत्प्रेरक करतो काय? वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांना हे सांगणं सोपं आहे. इगतपुरीच्या बोगद्यामुळे मुंबईला जाताना कसाऱ्याचा घाट टळला, डिझेल वाचलं, वेळ वाचला. पण नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर वर आणि मुंबई समुद्राकाठी, हा फरक काही बोगद्याने मिटला नाही. उत्प्रेरक मधला चढ कमी करतो. दोन टोकांची उंची बदलत नाही.

आता हा चढ आकड्यांत बघू. पाणी फोडायला कागदोपत्री १.२३ व्होल्ट पुरतात. लागणारी उष्णताही विजेतूनच द्यायची तर १.४८. कारखान्यातला इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी फोडणारं यंत्र, मात्र १.८ ते २ व्होल्टवर चालतो आणि किलोला पन्नास-पंचावन्न युनिटं खातो. प्रत्येक दशांश व्होल्टमागे किलोला सुमारे २.७ युनिटं जातात. युनिटचे सहा रुपये धरा, म्हणजे सोळा रुपये. सगळी गळती काही उत्प्रेरकाच्या माथी मारता येणार नाही, पण बरीचशी त्याच्याच हद्दीतली आहे.

त्यातही अवघड बाजू हायड्रोजनची नव्हे, ऑक्सिजनची. ऋणाग्रावर प्लॅटिनम असलं की हायड्रोजन निमूट सुटतो. धनाग्रावर मात्र पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे आणि ऑक्सिजनच्या दोन अणूंची जोडी जमवायची असते. आम्लधर्मी पडद्याच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये हे काम इरिडियम करतं. हा धातू जगभरात वर्षाला साधारण सात-आठ टन निघतो, आणि तोही बहुतांशी दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या जोडीने. अमरावती रोडवरून सुटणारा एक दहाचाकी ट्रक याहून जास्त माल नेतो! २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन करायचा संकल्प केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये सोडला, १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. इरिडियमच्या भरवशावर तो तडीस जाईल असं मला वाटत नाही.

दुसरी वाट जुनी आहे: पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आणि निकेलचे अग्र. भाक्राच्या विजेवर पंजाबात नांगलला खतासाठी असाच हायड्रोजन काढत. १९६२ मध्ये देशातला पहिला जडपाणी प्रकल्प त्याच्याच जोडीला उभा राहिला. या निकेलची एक गंमत आहे. अगदी शुद्ध निकेल इथे सुमारच काम करतं. द्रावणात लोखंडाचा अंश मिसळला, अगदी अशुद्धी म्हणून आला तरी, की तेच निकेल झपाट्याने ऑक्सिजन सोडू लागतं. कित्येक वर्षं ज्या गुणाचं श्रेय निकेलला दिलं, त्यातला मोठा वाटा या उपऱ्या लोखंडाचा होता, हे अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या प्रयोगांनी २०१४ मध्ये पक्कं केलं.

आणि आता आपल्या घरचा धातू, मँगनीज. तो काढणाऱ्या सरकारी कंपनीचं, मॉइलचं, मुख्यालय नागपुरात, खाणी मनसर, कांद्री, गुमगावला, भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला. परीक्षानळीत हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊन चिमूटभर काळं मँगनीज डायऑक्साइड टाकलं की क्षणात फेस उसळतो. विझत आलेली काडी तोंडाशी धरली तर भपकन पेटते. फेस बसल्यावर तळाशी बघा, काळी पूड होती तशीच असते. पाणी फोडायचं अवघड कामही मँगनीज करतो, आणि तुमच्या दारच्या संत्र्याच्या पानात रोज करतो. हिरव्या पानात चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंचा एक पुंजका असतो; त्याची नेमकी रचना जपानी शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवली. जपानच्याच रिकेन संस्थेत मँगनीज ऑक्साइड आम्लात पाणी फोडत ८,००० तासांहून जास्त टिकलं. मात्र तिथला विद्युतप्रवाह कारखान्याला लागतो त्याच्या जवळपास शंभरावा हिस्सा होता. तेव्हा उद्या मॉइलच्या खाणीतून हायड्रोजन निघेल, अशा बातमीवर विश्वास ठेवू नका. पण या धातूवर मेहनत घ्यायला आपल्याइतकी सोयीची जागा दुसरी कोणती?

आज जगातला बहुतेक हायड्रोजन पाण्यातून येतच नाही. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायू आणि वाफ तापलेल्या निकेलवरून नेतात, तसाच तो बहुतेक ठिकाणी बनतो. टनभर हायड्रोजनमागे नऊ-दहा टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या कामाची गोष्ट मात्र नागपुरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत झाली. हायड्रोजन करण्याइतकंच तो वाहून नेणंही अवघड. दाबाखाली नळकांड्यांत भरला तर अख्ख्या ट्रेलरवर तीन-चारशे किलोच मावतो. नीरीचे राजेश बिनीवाले, साधना रायलू आणि सहकाऱ्यांनी जपानी शास्त्रज्ञाच्या साथीने वेगळ्या वाटेवर काम केलं. त्यांचा लेख २००८ मध्ये आला. टोल्युइनमध्ये हायड्रोजन जोडायचा, की मिथाइलसायक्लोहेक्झेन नावाचा पेट्रोलसारखा द्रव होतो. तो साध्या टँकरमधून न्यायचा आणि मुक्कामी प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकावर तीनशेहून जास्त अंशांना तापवून हायड्रोजन सोडवायचा. वीस हजार लिटरच्या टँकरमध्ये साडेनऊशे किलोच्या आसपास हायड्रोजन बसतो. उरलेलं टोल्युइन परत न्यायचं, म्हणजे परतीचा फेरा रिकामा नाही! खोट एकच, पण मोठी: सोडवायच्या उष्णतेत हायड्रोजनमधली पाव हिश्श्याहून जास्त ऊर्जा खर्ची पडते. जवळच्या कारखान्याची वाया जाणारी उष्णता मिळाली, तरच हे परवडेल.

हायड्रोजनच्या घोषणा यापुढे वाढतच जाणार आहेत. मंचावर कोणीही असो, प्रश्नोत्तरांत उठून दोनच गोष्टी विचारा: किलोला किती युनिट वीज लागली, आणि उत्प्रेरक किती तास टिकला?