इंग्रजीचा तास आणि मापाची वही

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या वेळी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हास ‘विद्यार्थी आणि इंग्रजी’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही इंग्रजीचे पंडित नव्हे. सारी हयात सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेली आणि आता ऐंशी वर्षांचे वय झाले. तेव्हा उपदेशाचा आव न आणता, आम्ही स्वतः विद्यार्थी होतो त्या दिवसांतील दोन-तीन गोष्टी आपल्यापुढे मांडाव्या, असे ठरविले आहे. गोष्टी किरकोळ आहेत. परंतु मंडळापुढे विचारार्थ असलेल्या एका ठरावाशी त्यांचा संबंध पोहोचतो, म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

आमचे घर कऱ्हाडचे. बाजारपेठेत वडिलांचे दुकान होते. दोन शिवणयंत्रे, कापड बेतण्याची एक लांब फळी, कोळशाची इस्त्री आणि भिंतीवर श्रीनामदेवरायांची तसबीर, एवढाच त्याचा संसार. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्या काळी मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवीत. म्हणजे तेरा वर्षांचे होईपर्यंत आमच्यासारख्या मुलाचा इंग्रजीशी काही संबंध नाही, अशी सरकारची समजूत, शाळेची समजूत आणि आमचीही तीच समजूत.

वस्तुतः दुकानात आमच्या कानांवर काय पडत होते? ‘कॉलरला बकरम घाल’, ‘कफ उलटा बसला, उसव’, ‘लायनिंग कमी पडेल’, ‘मामलेदारसाहेबांच्या कोटाची ट्रायल उद्या आहे’. हे शब्द परके आहेत, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. बेतणे, उसवणे, मोहरी, काज, माया हे जसे आमच्या धंद्यातले शब्द, तसेच तेही. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, हे या सभेत सांगण्याची गरज नाही. पण पुढच्या रांगेतील काही मुलांचे चेहरे पाहून सांगून ठेवतो.

1958 सालच्या जून महिन्यात आम्ही आठवीच्या वर्गात बसलो. इंग्रजीच्या पहिल्याच तासाला गुरुजींनी प्रत्येकाला उभे करून, ठाऊक असलेला एकेक इंग्रजी शब्द सांगावयास लावले. कोणी ‘स्टेशन’ म्हटले, कोणी ‘डॉक्टर’, एकाने ‘पोस्टमन’. आमची पाळी आली. ठाऊक असलेले बहुतेक शब्द पुढच्यांनी संपविले होते. आम्ही जरा विचार केला आणि मोठ्या विश्वासाने म्हटले, ‘बकरम’. वर्ग हसला. गुरुजीही हसले आणि म्हणाले, “अरे, हा शिंप्याचा शब्द. इंग्रजी शब्द सांग.” आम्हास दुसरा सुचला नाही. खाली बसलो.

ते गुरुजी वाईट होते असे मुळीच नाही. त्यांनी व्याकरण इतके पक्के करून घेतले की, पुढे कचेरीत आमच्या मसुद्यात साहेबांना क्रियापदाची चूक क्वचितच सापडली. तो शब्द त्यांच्या ऐकिवात नसावा, इतकेच. परंतु त्या दिवसापासून एक गोष्ट घडली आणि ती आम्ही कोणास सांगितली नाही. दुकानात बकरम मागावयाचे झाले की आम्ही ‘ते कडक कापड’ म्हणू लागलो. अण्णांनी एकदा चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले, पण विचारले काही नाही.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या दिवाळीपूर्वीची. दिवाळीपूर्वीचा महिना म्हणजे आपल्या लोकांचा खरा हंगाम. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत यंत्रे थांबत नाहीत. अशा घाईत एके दिवशी टपालाने एक लिफाफा आला. दोन यंत्रांपैकी एक अण्णांनी हप्त्याने घेतले होते आणि पत्र त्या विक्रेत्याचे होते. सारे इंग्रजीत, टंकलिखित, खाली शिक्का. अण्णांनी ते आमच्या हाती दिले आणि म्हणाले, “वाच बघू. चार महिने इंग्रजी शिकतो आहेस.”

आम्ही वाचू लागलो. अक्षरे सगळी ओळखीची होती. शब्द ओळखीचे नव्हते. ‘मशीन’ कळला. दोनचार लहान शब्द कळले. मध्येच ‘फायनल’ हा शब्द लागला, तो क्रिकेटमुळे ठाऊक होता. घाम पुसत आम्ही सांगितले, “अण्णा, काहीतरी शेवटचे आहे, असे लिहिले आहे.”

अण्णांनी पत्र घडी करून खिशात ठेवले. शेवटचे म्हणजे शेवटची सूचना, असा त्यांनी अर्थ केला. त्या वर्षी एक हप्ता पंधरा दिवस उशिरा गेला होता, तो त्यांच्या मनात असावा. हंगामाच्या तोंडावर यंत्र उचलून नेले तर गिऱ्हाइकांना तोंड कसे दाखवावयाचे? तीन रात्री घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. तिसऱ्या रात्री आईने ट्रंकेतून आपल्या पाटल्या काढून फडक्यात बांधून ठेवलेल्या आम्ही पाहिल्या.

चौथ्या दिवशी अण्णा एका वकिलांच्या कारकुनाकडे गेले. आम्हासही बरोबर नेले. कारकुनाने पत्रावरून एकदा नजर फिरविली आणि सांगितले, “शेवटचा हप्ता पोहोचला. खाते बंद झाले. यंत्र आता तुमचे. आभार मानले आहेत.” नवे पैसे चालू होऊन दीड वर्ष झाले होते, तरी वाचनावळ त्याने चार आणेच सांगितली. अण्णा इतके मोकळे हसले की कारकुनाला चहाही पाजला. आईने पाटल्या परत ट्रंकेत ठेवल्या. आम्हास मात्र हसू आले नाही. त्या आठवड्यात वर्गात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या धर्तीवर वाक्ये चालली होती. सिंहाचे शेपूट आणि राजाचा मुलगा आम्ही बिनचूक इंग्रजीत करू शकत होतो. त्या पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, तेव्हा तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु घरात आलेले पाच ओळींचे आनंदाचे पत्र आम्ही शोकाचे करून ठेवले, ही गोष्ट आज साठाहून अधिक वर्षांनीही विसरता येत नाही.

नववीत असता नगरवाचनालयात एक जाडजूड इंग्रजी कोश हाती लागला. प्रथम कोणता शब्द शोधला, हे सांगावयास नको. सापडला. जाड, खळ दिलेले कापड, असा अर्थ होता. बकरम हा अस्सल इंग्रजी शब्द होता आणि चांगला जुना होता. काही कोशकार तर त्याचे नाते मध्य आशियातील बुखारा शहराशी जोडतात. आम्ही तो अर्थ कागदावर उतरून घेतला आणि गुरुजींना दाखविण्यासाठी चार दिवस खिशात बाळगला. दाखविण्याचे धैर्य झाले नाही.

पुढे नोकरीत असता 1886 साली प्रथम प्रसिद्ध झालेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश पाहावयास मिळाला. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा तो संग्रह आहे. त्यातील कापडाचे शब्द पाहून आम्ही थक्क झालो. साहेब ज्याला ‘चिंट्झ’ म्हणतो ते आपले छीट. ‘कॅलिको’ हे कालिकत बंदराचे नाव. ‘डंगरी’ म्हणून जे जाडेभरडे कापड आणि पुढे त्याचा कामगारांचा पोशाख, ते आपले डोंगरी कापड. मुंबईच्या डोंगरी भागावरून ते नाव पडले असावे, असेही म्हणतात. शाल आपली, खाकी आपली, पायजमा आपला. उलट आपण ज्यांना घरचे समजतो ते काज, फीत आणि आलपीन पोर्तुगीजांबरोबर समुद्रावरून आलेले. आपल्या फळीवर जगातील कितीतरी बंदरांचा माल पडलेला असतो आणि त्याच फळीजवळ वाढलेला मुलगा वर्गात एका शब्दासाठी मान खाली घालून बसतो!

या ठिकाणी श्रीनामदेवरायांची आठवण होणे साहजिक आहे. पंजाबात जाऊन राहिलेल्या या आपल्या पूर्वजाची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. ती मराठीत नाहीत. तिकडच्या लोकांना समजेल अशा भाषेत आहेत. त्यांतील एका पदात गज आणि कात्री ही आपल्या दुकानातील हत्यारे आली आहेत. परक्या मुलखात, परक्या भाषेत देवाविषयी बोलतानाही त्यांना आपल्या धंद्याचे शब्द लपवावेसे वाटले नाहीत. आम्ही ते पद प्रथम समजून घेतले तेव्हा पन्नाशी उलटली होती. तेराव्या वर्षी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आता एका सोबत्याविषयी. नाव सांगत नाही. त्याची मुले-नातवंडे या सभागृहात असतील. तो आमच्याबरोबर 1962 साली शालान्त परीक्षेस बसला. गणितात आमच्या कितीतरी पुढे होता. पन्हा आणि वार सांगा, किती सदरे निघतील आणि किती चिंधी उरेल, हे तो तोंडी सांगे. इंग्रजीत मात्र नापास झाला, फक्त इंग्रजीत. पुन्हा बसला नाही. पुढे त्याच्यासारखा कोट कापणारा पंचक्रोशीत नव्हता. वारावरून मीटर आले, कोटावरून सफारी आली, तयार कपड्यांनी धंदा खाल्ला, तरी त्याच्याकडे माप देण्यास लोक लांबून येत. परंतु आपल्या या गुणगौरव समारंभास तो कधी आला नाही. त्याच्या मुलीला बक्षीस होते त्या वर्षीदेखील त्याने तिला काकांबरोबर पाठविले. आम्ही एकदा रागावून विचारले, तेव्हा म्हणाला, “तिथे टाळ्या कशाला पडतात ते मला ठाऊक आहे.” त्याच्याशी वाद घालण्यास आमच्यापाशी मुद्दा नव्हता.

काळ बदलला. आठवीचे इंग्रजी पाचवीवर आले, 2000 सालापासून मराठी शाळांतूनही ते पहिलीपासून शिकविले जाऊ लागले आणि आता तर घराघरांतील मुले शिशुवर्गापासूनच इंग्रजी शाळेत जातात. आमची नात इंग्रजी असे बोलते की आम्हास हेवा वाटावा. तिला परवा ‘माया’ म्हणजे काय, असे विचारले. तिने आजीकडे बोट दाखविले. उत्तर चुकीचे म्हणवेना!

अशा स्थितीत, ‘आता सर्वांनाच इंग्रजी येते, वर्गास उपस्थिती नाही, सबब समाजाचा सायंकाळचा इंग्रजी वर्ग बंद करून खोली भाड्याने द्यावी’, असा ठराव कार्यकारी मंडळापुढे आला आहे. ठराव मांडणारे आमचे स्नेही आहेत आणि हिशेब त्यांचा बरोबर आहे. गेल्या वर्षी वर्गात अकरा मुले होती. परंतु ठरावाच्या पहिल्याच वाक्यास आमची हरकत आहे, आणि तिचे कारण एका वहीत आहे. ती आज येथे आणली आहे.

ही अण्णांची मापाची वही. ते गेल्यावर फळीखालच्या पेटीत सापडली. मापे देवनागरीत आहेत, पण पाहा: ‘चेस्ट 36, वेस्ट 31, स्लीव्ह 23’. मुंबईत ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले त्याच्याकडून हे शब्द त्यांनी कानाने उचलले होते. आम्ही शाळेत जे शिकत होतो त्यातले कितीतरी घरी या वहीत होते, आणि आम्ही ती कधी उघडली नव्हती. वहीच्या शेवटच्या पानांवर शिसपेन्सिलीने मोठी इंग्रजी अक्षरे गिरविली आहेत. ‘ए’पासून ‘एम’पर्यंत, सात-आठ ओळी. ‘एम’च्या पुढे काही नाही. अलीकडच्या पानावरील गिऱ्हाइकाच्या मापाखाली तारीख आहे ती 1958 च्या नोव्हेंबरची. म्हणजे त्या पत्रानंतर, हंगाम ओसरल्यावर, अण्णा कधीतरी रात्री एकटे बसून इंग्रजी शिकू लागले होते. आमचे पुस्तक घरात होते. आम्ही घरात होतो. त्यांनी आम्हास विचारले नाही, आणि त्यांनी का विचारले नसावे हे आम्हास समजते.

म्हणून विनंती अशी की वर्ग बंद करू नये. त्याची वेळ आणि विद्यार्थी बदलावेत. दुकाने बंद झाल्यावर रात्री साडेआठला तो भरावा. त्यात मुलांऐवजी त्यांचे आईबाप यावेत. मुलाच्या शाळेतून आलेली सूचना, बँकेचे पत्र, औषधाच्या बाटलीवरील मजकूर, मोबाईलवर आलेला संदेश खरा की फसवा, हे त्यांना मुलाच्या तोंडाकडे न पाहता वाचता यावे. आज हे वाचण्यासाठी आपल्या कितीतरी भगिनी दहा वर्षांच्या मुलापुढे अवघडून उभ्या राहतात. आणि पहिल्या दिवशी फळ्यावर जे शब्द लिहावयाचे ते त्यांच्याकडूनच मागावेत. कॉलर, कफ, हुक, लायनिंग, बकरम. निदान पन्नास तरी निघतील.

आठवड्यातून दोन दिवस, गुडघे साथ देतील तोवर, आम्ही स्वतः येऊन शिकवू. मानधन नको. खोलीत दिवा चांगला हवा, कारण आमच्याप्रमाणेच येणाऱ्यांपैकी पुष्कळांना चाळिशी लागलेली असेल. अण्णांची वही समाजाच्या ग्रंथालयास देत आहोत. चिटणिसांनी तिची नोंद करून घ्यावी. ठराव पुढील महिन्याच्या सभेत यावयाचा आहे. ज्यांना वर्गात नाव घालावयाचे असेल त्यांनी आजच दाराजवळ बसलेल्या चिटणिसांकडे द्यावे, म्हणजे सभेपुढे आकडा ठेवता येईल. नाव मराठीत लिहिले तरी चालेल.