ऐकले, वाचले आणि समजले : इंग्रजीच्या आकलनाची परीक्षा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावर परीक्षेचा विषय यावा, हे काहींना रुचणार नाही. मनुष्य ग्रंथालयात येतो तो परीक्षेपासून सुटका करून घेण्यासाठी, असे मानणारेही वाचक आहेत. परंतु वाचलेले समजले की नाही, हा प्रश्न ग्रंथालयाच्या जिव्हाळ्याचा आहे, आणि शाळेत त्याचा निवाडा ज्या रीतीने होतो ती रीत कितपत न्याय्य आहे, याचा विचार सौंसर-पांढुर्णा परिसराइतका निकडीचा अन्यत्र क्वचितच असेल.

या परिसराचा भाषिक इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. जुन्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती, आणि १९५० च्या राजभाषा कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना तेथे मान्यता मिळाली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. राज्य कोणतेही असो, घरातली भाषा मराठीच राहिली. त्या मराठीवर वऱ्हाडी-नागपुरी वळणाची छाया आहे, काही घरांतून पवारी तर काही घरांतून गोंडी बोलली जाते. शाळा, कचेरी आणि पाठ्यपुस्तक यांची भाषा मात्र हिंदी झाली. तेव्हा बोरगावच्या मुलाच्या दृष्टीने इंग्रजी ही दुसरी भाषा नव्हे. ती तिसरी असते, आणि ज्या घरात पवारी वा गोंडी आहे तेथे चौथी.

ही तिसरी भाषा त्याच्यापर्यंत पोहोचते ती हिंदीच्या दारातून, आणि घोटाळ्याला आरंभ होतो तो तेथे. इंग्रजी शब्दाचा अर्थ वर्गात फळ्यावर हिंदीत लिहिला जातो. लिपी तीच, शब्दही ओळखीचा, अर्थ मात्र निराळा. ‘एज्युकेशन’ म्हणजे ‘शिक्षा’ असे हिंदी शब्दकोश सांगतो, आणि मराठी घरात शिक्षा ही अपराध्याला होते. ‘अटेम्प्ट’ म्हणजे ‘चेष्टा’, ‘वर्ल्ड’ म्हणजे ‘संसार’, ‘जर्नी’ म्हणजे ‘यात्रा’, ‘ऑब्जेक्शन’ म्हणजे ‘आपत्ति’, ‘एम्प्टी’ म्हणजे ‘खाली’. मराठीत चेष्टा ही थट्टा, संसार हा नवराबायकोचा, यात्रा देवाची, आपत्ती पुराची किंवा दुष्काळाची, आणि खाली म्हणजे वरच्याच्या उलट. एखाद्या थोर पुरुषाने पुष्कळ ‘अटेम्प्ट्स’ केले असे वाचून त्याने पुष्कळ थट्टा केली असे एखाद्या मुलाने लिहिले, तर त्याला शब्द पाठ नव्हता असे म्हणता येणार नाही. शब्द पाठ होता म्हणूनच तो चुकला. शाळेत काही वर्षे काढल्यावर बहुतेकांना दोन्ही अर्थ ठाऊक होतात, हे खरे. तथापि परीक्षेच्या घाईत मनाला घरचा अर्थ आधी सापडतो, आणि तपासनीसाच्या तांबड्या शाईला या चुकीचे मूळ दिसत नाही. मूल इंग्रजीत कच्चे, एवढाच शेरा पडतो.

आता वाचनाच्या परीक्षेकडे वळावे. एके काळी वाचन म्हणजे मोठ्याने वाचणे, आणि आकलन म्हणजे भाषांतर, असा सरळ हिशेब होता. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर पिढ्या पोसल्या, आणि त्या पिढ्यांनी चांगले इंग्रजी लिहिले हेही नाकारता येणार नाही. तिकडे इंग्लंडात केंब्रिजने १९१३ साली परदेशीयांसाठी इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा प्रथम घेतली. तिच्यात भाषांतर, व्याकरण, ध्वनिशास्त्र, श्रुतलेखन, प्रकट वाचन आणि संभाषण, सारेच होते. तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. मूक वाचनाचे आकलन मोजण्यासाठी पर्यायी उत्तरांची पद्धत अमेरिकेत कॅन्सासच्या फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास रूढ केली. आज जगभर उत्तरपत्रिकेवर जी वर्तुळे काळी होतात त्यांचा उगम तेथे आहे. बंगालमध्ये ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली निराळाच विचार मांडला. भारतीय मुलाला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येण्याची गरज अधिक आहे, म्हणून आधी वाचन शिकवावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी ते योग्यच होते. रेडिओसुद्धा दुर्मीळ असताना इंग्रजी ऐकायचे तरी कोणाचे?

परीक्षेतला उतारा व त्याखालचे प्रश्न हे या साऱ्याचे आजचे रूप होय. ते निर्दोष दिसते. परंतु पुढील मजकूर पाहावा : “झिपूने सकाळी तीन मुरके फटकावले आणि संध्याकाळी ते गडबाला विकले.” झिपूने काय फटकावले? तीन मुरके. ते त्याने कोणाला विकले? गडबाला. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण. मुरका म्हणजे काय आणि गडबा कोण, हे कोणालाच ठाऊक नाही, कारण तसे काही नसतेच. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधावा आणि ते वाक्य उतरवून काढावे, ही युक्ती मुलांना फार लवकर साधते, आणि शिकवणीवर्गांत ती उघडपणे शिकवलीही जाते. अशा परीक्षेला विश्वसनीयता असते, वैधता नसते. सौंसरच्या संत्र्यांच्या व्यापाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. आकारावरून केलेली प्रतवारी दहादा केली तरी तीच येईल, पण फळ गोड आहे की आंबट हे तिच्यावरून कळणार नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे आणि त्याचा शोध लागण्यात एका मराठी आडनावाच्या संशोधिकेचा वाटा आहे, याचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्गारेट स्टेफनसन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी केलेला एक प्रयोग १९७९ साली प्रसिद्ध झाला. दोन पत्रे तयार करण्यात आली, एकात भारतीय लग्नाचे वर्णन, दुसऱ्यात अमेरिकन लग्नाचे. दोन्ही पत्रे इंग्रजीतच होती. ती भारतीय व अमेरिकन वाचकांना देण्यात आली. आपल्याकडच्या लग्नाचे पत्र प्रत्येकाने अधिक वेगाने वाचले आणि त्यातले त्याला अधिक आठवले. परक्या लग्नाच्या पत्रात मात्र अर्थाची मोडतोड झाली. अमेरिकन वधूने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. तिकडे जुनी वस्तू अंगावर असणे शुभ मानतात आणि आजीचा पोशाख मिळणे हा मान असतो. भारतीय वाचकाने मात्र मुलीच्या अंगावर जुना, चलनातून गेलेला पोशाख होता असा अर्थ घेतला. त्याच न्यायाने भारतीय लग्नातल्या देण्याघेण्याचा अर्थ अमेरिकनांना लागला नाही. येथे शब्द कोणाचेच अडले नव्हते. अडले ते शब्दांच्या मागचे जग.

हा निष्कर्ष बोरगावच्या वर्गात आणून पाहावा. उतारा बर्फावरच्या घसरगाडीचा असेल तर ज्याने चित्रपटात ती पाहिली आहे तो मुलगा पुढे जाईल, आणि ज्याने फक्त जाम नदीचा पूर पाहिला आहे तो मागे पडेल. परीक्षा इंग्रजीची घेतली आणि गुण मात्र अनुभवाला दिले, असे होईल. उलट, संत्र्याच्या आंबिया व मृग बहाराविषयी उतारा दिला तर तेथली शेतकऱ्यांची मुले तो न वाचताही अर्धी उत्तरे लिहितील! म्हणजे परिचित विषय द्यावा हा उपायही वाटतो तितका सोपा नाही. उताऱ्याचा विषय ओळखीचा असावा, पण विचारलेली माहिती उतारा वाचल्याखेरीज मिळू नये, एवढे तरी प्रश्नकर्त्याने पाहिलेच पाहिजे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर व मद्रासकडील शाळांतून जो प्रयोग केला, त्यात रेल्वेचे वेळापत्रक आणि नकाशे मुलांपुढे ठेवून त्यांच्याकडून उत्तरे काढून घेतली जात. वेळापत्रक हा उत्तम उतारा आहे. त्यातले वाक्य उतरवून काढता येत नाही. अमुक वाजता नागपुरास पोहोचायचे तर पांढुर्ण्याहून कोणती गाडी पकडावी, या प्रश्नाचे उत्तर समजल्याशिवाय देताच येत नाही.

वाचनाची ही कथा, तर श्रवणाची काय असेल? वाचणाऱ्याला मागे वळता येते. ऐकणाऱ्याचे वाक्य हवेत विरून जाते. शिवाय छापलेले इंग्रजी आणि बोललेले इंग्रजी यांत मोठे अंतर आहे. देवनागरी वाचणाऱ्याला लिहिलेले प्रत्येक अक्षर उच्चारण्याची सवय असते, आणि इंग्रज माणूस तर अर्धी अक्षरे गिळतो. ‘वॉन्ट टु’चे ‘वॉना’ होते. ‘कॅन’ आणि अमेरिकन तोंडचे ‘कॅन्ट’ यांत होकार-नकाराचा फरक, पण कानाला तो केवळ एका अस्फुट ‘ट’चा. येथे मराठीची एक जमेची बाजू सांगण्याजोगी आहे. मराठी मुद्रणात ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ यांतील आद्य ध्वनी निरनिराळे लिहिले जातात, हिंदीत दोहोंना एकच ‘व’ पुरतो. मराठीत ‘बँक’ लिहितात, हिंदीत ‘बैंक’. ‘जहाज’ या शब्दातला दंततालव्य ज मराठी जिभेवर मुळातच आहे, आणि इंग्रजीतल्या ‘झू’चा आद्य ध्वनी त्याला बराच जवळचा. घरच्या भाषेने दिलेले हे भांडवल हिंदी शाळेत गेलेल्या मुलाच्या खात्यावर कोणी जमा करीत नाही.

श्रवणाची परीक्षा सक्तीची केली म्हणजे काय होते, हे चीनमध्ये पाहावे. तेथील उच्च माध्यमिक शाळेच्या शेवटी होणारी विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडली होती. १९७७ साली ती पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख विद्यार्थी बसले, आणि २०२४ साली नोंदणी १ कोटी ३४ लाखांवर गेली. नव्या पद्धतीच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत इंग्रजीच्या १५० गुणांपैकी ३० गुण श्रवणाला व ५० वाचनाला आहेत. श्रवणाचे प्रश्न २०, पहिल्या पाच संवादांची ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, पुढची दोनदा. त्या वेळी परीक्षाकेंद्रांच्या आसपास मोटारींनी भोंगे वाजवू नयेत म्हणून बंदोबस्त असतो. शेजारच्या दक्षिण कोरियात तर इंग्रजी श्रवणाच्या वेळी विमानांची उड्डाणेदेखील थांबवली जातात. ज्याला परीक्षेत गुण असतात ते शाळा शिकवते, हा नियम तेथे खरा ठरला आणि वर्गावर्गांत इंग्रजी ऐकवले जाऊ लागले. त्याबरोबर ध्वनिफितीत प्रश्नाचे उत्तर कोठे दडवलेले असते हे ओळखण्याचे वर्गही निघाले. झिपू आणि मुरके तिकडेही आहेत.

आपल्या शेजारी महाराष्ट्रात इंग्रजी जून २००० पासून पहिलीपासून शिकवले जाऊ लागले, आणि दहावीला भाषांसाठी शाळेने द्यावयाचे तोंडी व श्रवण परीक्षेचे २० गुण होते. शाळा हे गुण सढळ हाताने देतात असा आक्षेप आला. २०१८-१९ या वर्षी ते बंद केले, आणि निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. निकाल घसरण्यास आणखीही कारणे होती, परंतु कानाची परीक्षा ही परीक्षा न राहता दानधर्म झाली होती, एवढे त्यावरून दिसले. दोष श्रवणाचा नव्हता. ते तपासण्यासाठी लागणारा वेळ, फिती आणि प्रशिक्षित माणूस शाळेला कोणी दिला नव्हता.

बोरगावसारख्या ठिकाणी यंत्रावाचूनही काम भागते. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असताना ध्वनिफितीतला लंडनचा आवाज ऐकवण्यापेक्षा शिक्षकाने स्वतः, नेहमीच्या गतीने, मजकूर दोनदा वाचावा. मजकूर कानासाठी लिहिलेला असावा. पाठ्यपुस्तकातले लांब वाक्य वाचून दाखवणे म्हणजे श्रवण नव्हे. मुलाने करायचे ते हातांनी करावे : सांगितलेल्या रस्त्याने नकाशावर रेघ ओढावी, ऐकलेल्या वेळा तक्त्यात भराव्या. त्यात लिहिण्याचे कौशल्य आड येत नाही.

अवघड प्रश्न उरतो तो उत्तराच्या भाषेचा. प्रश्न इंग्रजीत छापले तर श्रवणाच्या परीक्षेत वाचनाची परीक्षा मिसळते, आणि उत्तर इंग्रजीत मागितले तर लेखनाची. समजले एवढेच जाणून घ्यायचे असेल तर उत्तर घरच्या भाषेत घेणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. राज्यघटनेच्या ३५०-अ या कलमाने १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करावी असे सांगितलेच आहे. परीक्षेच्या उत्तरापुरती ती सवलत वरच्या वर्गापर्यंत नेण्यास फार मोठ्या खर्चाची गरज नाही. हिंदी व मराठी दोन्ही देवनागरीतच लिहिल्या जात असल्याने तपासनीसाला अक्षरे लागतील. त्याला अर्थही लागावा, म्हणून सौंसर-पांढुर्ण्याच्या उत्तरपत्रिका मराठी जाणणाऱ्या शिक्षकाकडे जाव्यात आणि ‘चेष्टा’, ‘शिक्षा’, ‘यात्रा’ यांसारख्या शब्दांची छोटी यादी तपासणीच्या सूचनांबरोबर जोडलेली असावी. ती यादी तयार करण्याचे काम कोणत्याही मंडळाची वाट न पाहता ग्रंथालयाच्या संदर्भविभागात हिंदी, मराठी आणि इंग्रजी असे तीन कोश शेजारी मांडून चार सुट्यांच्या दुपारी होण्याजोगे आहे.