पुराव्याचा प्रवास उंबऱ्यापासून

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

बचत गटाच्या बैठकीत रेडिओ मधे ठेवून ऐकणाऱ्या तायांना नमस्कार, आणि भाकरी थापता थापता एक कान इकडे देणाऱ्या तायांनाही नमस्कार.

मी वकील आहे. गेली काही वर्षं कायदा शिकणाऱ्या मुलामुलींना मी न्यायसहायक विज्ञान शिकवते. नाव जड आहे, पण अर्थ सोपा आहे. हळदीचा हात दाराला लागला की दार पिवळं होतं, आणि दाराची धूळ हाताला लागते. गुन्ह्याचंही तसंच असतं. करणारा काहीतरी मागे ठेवून जातो आणि काहीतरी अंगावर घेऊन जातो. रक्त, केस, बोटांचे ठसे, कपड्यांचे धागे. त्यांची शास्त्रानं तपासणी करून कोर्टाला सांगायचं, ते हे विज्ञान.

तुम्ही म्हणाल, हे तर पोलिसांचं नि डॉक्टरांचं काम, वकिलाला कशाला? कॉलेजात असताना मलाही असंच वाटायचं. हा विषय ऐच्छिक होता, मी घेतला नाही. त्याची किंमत दुसऱ्याच एका बाईला मोजावी लागली.

वकिलीची पहिलीच वर्षं होती. एका बाईवरच्या अत्याचाराच्या खटल्यात मी मदतीला होते. तिचे कपडे ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधले गेले होते आणि बरेच दिवस तसेच पडून राहिले. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यांना बुरशी लागली होती. अहवाल आला, ‘निष्कर्ष काढता येत नाही.’ समोरचे वकील म्हणाले, बघा, काहीच सापडलं नाही, म्हणजे काही घडलंच नाही. त्यावर काय बोलायचं, हे मला कळलं नाही. ‘सापडलं नाही’ आणि ‘तपासताच आलं नाही’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, एवढंही मला त्या वेळी कोर्टाला नीट सांगता आलं नाही. ती बाई माझ्याकडे बघत होती. ती नजर अजून विसरले नाही. म्हणून आज शिकवते.

माझा पहिला तास कसा असतो, सांगते. एका खोलीत मी खुर्ची उलटी टाकते, बांगडी फोडून टाकते, चहाचा कप सांडते, साडीवर बिटाचा रस शिंपडते. मग मुलांना म्हणते, आत जा नि बघा. सगळी एकदम घुसतात. कोणी खुर्ची सरळ करतं, कोणी चहावर पाय देतं. एकदा एका मुलीनं बांगडीचे तुकडे उचलून टेबलावर ठेवले, कोणाच्या पायात रुततील म्हणून. मुलगी भली. पण नंतर मी विचारलं, बांगडी कुठे पडली होती? प्रत्येकानं वेगळी जागा सांगितली.

मग मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिते. वस्तू कुठे होती? कोणाकोणाच्या हातातून गेली? तपासणी होईपर्यंत कशी ठेवली होती? पंचनामा, पिशवीवरची लाखेची मोहोर, मुद्देमालाच्या नोंदवहीतली तारीख, सगळं या तीन प्रश्नांसाठीच असतं. आपल्याकडे अशी वस्तू मुंबईत कलिन्याला, किंवा नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती अशा ठिकाणच्या सरकारी प्रयोगशाळेत जाते. वाटेत एक जरी कडी तुटली, तरी पुढचं शास्त्र कितीही चांगलं असलं तरी कोर्टात शंका उभी राहते.

विषबाधेचंच घ्या. शवविच्छेदनात काढलेला व्हिसेरा कुजू नये म्हणून बहुतेक वेळा मिठाच्या दाट पाण्यात ठेवतात. लोणचं टिकायला मीठ लागतं, तसंच हे. आणि त्याच मिठाच्या पाण्याचा वेगळा नमुनाही सोबत पाठवायचा असतो, म्हणजे विष त्या पाण्यातच नव्हतं ना, हे तपासता येतं. तो नमुना गेला होता का, हे विचारणं वकिलाचं काम. पण माहीत असेल तरच विचारणार ना!

प्रयोगशाळेच्या अहवालाला कोर्टात ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणतात. पुष्कळदा नुसता कागदच येतो, तपासणारे तज्ज्ञ येत नाहीत. कायदा तशी मुभा देतो. गरज असेल तेव्हा तज्ज्ञांना बोलवा अशी मागणी वकिलानं करायची असते. मी मुलांना हेही सांगते की ही विद्या दोन्ही बाजूंसाठी आहे. उद्या आपल्यापैकी कोणाच्या मुलावर खोटा आळ आला, तर त्याला सोडवणाराही हाच ठसा, हेच रक्त असू शकतं.

आता तर हे शिकण्याला पर्याय नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात या शास्त्राच्या तज्ज्ञानं जागेवर जाऊन पुरावा गोळा करायचा, असं तिच्यात सांगितलं आहे. ती व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे.

पण मैत्रिणींनो, तज्ज्ञ यायच्या आधी घरात कोण असतं? आपणच असतो. मुलांना घेऊन एका गावात कायद्याच्या शिबिराला गेले होते. कपडे न धुता ठेवायचे, असं एक विद्यार्थिनी समजावून सांगत होती. मागे बसलेली एक म्हातारी आजी हळूच म्हणाली, “मीच धुतलं गं लेकीचं लुगडं. कोणी बघू नये म्हणून धुतलं. हे आधी कोणी का नाही सांगितलं?” आम्ही सगळ्या गप्प झालो. तिनं मायेपोटीच धुतलं होतं. म्हणून वर्गात शिकवते त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट जिवाची. आधी माणूस वाचवा, पुरावा नंतर. कोणी औषध प्यायलं असेल तर ताबडतोब दवाखान्यात न्या आणि बाटली किंवा डबा सोबत न्या. डॉक्टरांना उपचाराला त्याचा उपयोग होतो. गळफास घेतलेल्याला उतरवायचं झालं तर गाठ सोडू नका. गाठीपासून लांब दोर कापा आणि दोर जपून ठेवा.

बाईवर अत्याचार झाला असेल तर शक्यतो अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ओले कपडे सावलीत वाळू द्यावेत. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात गुंडाळावा, प्लास्टिकमध्ये नको. अंघोळ झाली, कपडे धुतले, तरी हिंमत सोडू नका. तपासणीला जाच, तरीही काही सापडू शकतं. काहीच सापडलं नाही किंवा अंगावर जखम दिसली नाही, तरी बाई खोटी ठरत नाही. तिची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी असेल तर कोर्ट तेवढ्यावरही शिक्षा देऊ शकतं.

अशा वेळी सरकारी असो की खाजगी, रुग्णालयानं तिच्यावर लगेच आणि मोफत उपचार करायचे असतात. तपासणी तिच्या संमतीनंच होते. आणि ती दोन बोटांची चाचणी? ती करायचीच नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा ठणकावून सांगितलं आहे. करणाऱ्यावर गैरवर्तनाचा ठपका येतो. कोणी करू लागलं तर नाही म्हणा.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत एखाद्या लेकीनं आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन व्हायला हवं, असं कायदा सांगतो. ‘झालं गेलं, उरकून टाका’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. घाई करू देऊ नका. चितेबरोबर पुरावाही जातो.

शेवटचं, पंचनाम्याचं. तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर घाबरू नका. पण न वाचता, न ऐकता सही किंवा अंगठा देऊ नका. कोरा कागद तर मुळीच नाही. फिर्याद दिली की एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

माझ्या वर्गातून दरवर्षी काही वकील तयार होतात. ते कोर्टात तीन प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरं मात्र तुमच्या माजघरातून, गोठ्यातून, विहिरीच्या काठावरून येणार आहेत. येत्या बैठकीत वसुलीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा आणि आज ऐकलेलं एकमेकींना सांगा. ज्या ताया आज आल्या नसतील, त्यांच्या घरी जाऊन सांगा.