पदवीनंतरची वळणं



पदवी हातात पडली की घरून पहिला प्रश्न येतो, ‘आता पुढे काय?’ दुसराही घरूनच येतो. तो मी या मंचावरून उच्चारत नाही. पहिल्याचं उत्तर तुमच्याजवळ तयार नसेल तर बिघडलं काहीच नाही. ज्यांची नावं आपण अभिमानानं घेतो, त्या बायकांची वाट तरी कुठे सरळ होती?

कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. गुणांवर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या हक्काची होती. बाई म्हणून ती नाकारली गेली. मग त्या अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांना शिकवू लागल्या. पुढे इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी मिळाली १९२२ साली! आज सकाळपासून गाऊन घालून रांगेत वैतागलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

बाईला वकिलीची सनद नाही, म्हणजे कोर्टात उभं राहायची सोय नाही. तेव्हा १९०४ पासून त्या बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्स या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या सल्लागार झाल्या आणि पडदानशीन विधवांच्या इस्टेटींचे तंटे सोडवू लागल्या. परक्या पुरुषाला जिथे उंबरठा ओलांडता येत नसे, तिथे त्या आत बसून गाऱ्हाणी ऐकत. त्यांचं इंग्रजधार्जिणं राजकारण मला मुळीच पटत नाही. कामाला मात्र तोड नव्हती.

कमला सोहोनी या लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. कमलाबाईंनी १९३३ साली तिथेच अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन, मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, आणि तुमच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. ते वर्ष त्यांनी काढलं. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे प्रथिन असतं हे दाखवलं. १९३९ ची ती डॉक्टरेट. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. मग दिल्ली, कुन्नूर, मुंबई. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेतल्या पोषक द्रव्यांचा अभ्यास केला, आणि उतारवयात ग्राहक चळवळीत शिरून अन्नातल्या भेसळीवर लिहिलं. केंब्रिजची विदुषी, आणि विषय वाण्याच्या दुकानातला!

या गोष्टी ऐकून आपण ‘काय जिद्द!’ म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. मला त्या टाळ्या थोड्या खटकतात. शिष्यवृत्ती कुणीतरी नाकारली होती, अटी कुणीतरी घातल्या होत्या. जिद्दीचं कौतुक करताना तो हिशेब सोयीस्कर विसरला जातो. रामन यांनी नंतर मुलींना प्रवेश दिला, हे खरं. पण आधी एकीला वर्षभर तोलून घेतलं.

तुमच्यापैकी कितीतरी जणी चार-आठ वर्षांत मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसाल, अर्ज चाळाल. एक अर्ज कल्पनेनं समोर ठेवा. अर्जदार इरावती कर्वे. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान, मुंबईला समाजशास्त्र, मग बर्लिनला मानवी कवट्यांवर डॉक्टरेट; निष्कर्षही असा, की खुद्द मार्गदर्शकाच्या वंशविषयक सिद्धान्ताला छेद जावा. त्याखाली १९३१ ते ३६ अनुभव कशाचा, तर महिला विद्यापीठात रजिस्ट्रारकीचा, म्हणजे फायली आणि परीक्षांची वेळापत्रकं. ‘बाईंचा नेमका विषय कोणता?’ असं समितीतला एखादा सदस्य हमखास विचारेल. डेक्कन कॉलेजनं १९३९ साली त्यांना घेतलं. पुढची तीस वर्षं त्या कुटुंबव्यवस्था, जाती, पंढरीची वारी आणि महाभारत यांवर लिहीत राहिल्या.